पप्पांच्या उसाला आलेली निळी फुलं

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला. हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. मी टाईप करतीये आणि मागनं मम्मी म्हणतीये की घरातली गोष्ट जगाला कशाला सांगतीस. पण अर्धी गोष्ट जगाला आधीच कळलीये, त्यामुळं उरलेली अर्धी मीच सांगितलेली बरी.

तर. आमच्या पप्पांच्या उसाला फुलं आली. निळी.

(ज्यांचा शेतीशी संबंध फक्त रसवंतीपुरता आहे त्यांच्यासाठी: उसाला तुरा येतो, आणि तो पांढरट असतो. उसाला निळं फूल येणं म्हणजे म्हशीला शिंगाच्या जागी मोरपीस येणं.)

मी तेजू. बीएस्सी दुसरं वर्ष, बॉटनी. घर उंब्रजच्या अलीकडं रानातच, कॉलेज कराडला, आणि मधला सगळा वेळ मी एसटीत. पप्पा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाले आणि थेट शेतीत उतरले. गावाचं तेव्हापासून एकच म्हणणं, फौजीला शेती जमत नाही. तोंडावर कोण म्हणत नव्हतं. पण डेअरीत दूध घालायला गेलं की पप्पांना बघून चार माणसं एकदम हवामानावर बोलायला लागायची. त्या चौघांत सगळ्यात मोठ्यानं बोलणारे म्हणजे आमचे तात्या. पप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. आमचं आणि त्यांचं रान शेजारी शेजारी, मधे एक बांध, त्या बांधावरनंच जायची पायवाट.

पप्पांचा ऊस म्हणजे परेड. सऱ्या दोरीत, पाचट म्हणजे वाळकी पानं काढून खाली अंथरलेली, बांधावर गवताची काडी नाही. रानात जाताना पण पप्पा दाढी करून, शर्ट खोचून जायचे. यंदा त्यांनी कारखान्याच्या ऊस स्पर्धेत नाव दिलं. कारखान्याची माणसं रानात येऊन पीक बघतात, तण किती आहे ते पण बघतात, आणि नंबर काढतात. गेल्या वर्षी पहिला नंबर तात्यांचा होता. पप्पा याच्यावर एक शब्द बोलायचे नाहीत, पण खत टाकताना, पाणी सोडताना, उसाच्या कांड्याला हात लावून बघताना त्यांचं तोंड बघितलं की आम्हाला कळायचं. हा नंबर आला की डेअरीतल्या त्या चौघांना हवामान सोडून दुसरा विषय शोधावा लागणार होता.

आता मी कुठं आले यात?

मी गेल्या दिवाळीत शिराळ्याला मावशीकडं गेले होते. तिच्या कुंपणावर एक जंगली वेल चढलेली. भोंग्यासारखी निळी फुलं, आत पांढरा गळा, पानं काही बदामाच्या आकाराची, काही तीन टोकांची. मी जाग्यावर फिदा! मावशीच्या मते ते तण होतं आणि मी सगळंच उपटून नेलं तर तिला चालणार होतं. मी म्हटलं, मावशी, हे तण नाही, ही इपोमिया आहे, मॉर्निंग ग्लोरी, लोक कुंडीत लावतात. आणि वाळलेली बोंडं ओढणीत बांधून आणली. आत काळी बी, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची.

जून लागल्यावर बी पेरली. उगवेना. सरांना विचारलं तर सर म्हणाले की याचं साल लय टणक असतं, पाणी आत जात नाही. निसर्गाची आयडियाच अशी की सगळी बी एकदम उगवायची नाहीत. थोडी यंदा, थोडी पुढच्या वर्षी, एखादी दहा वर्षांनी मनात आलं की. पण साल खरवडलं तर लगेच उगवतात. एवढं सांगून सर पुढच्या बाकाकडं गेले. मी थेट हार्डवेअरच्या दुकानात.

काचपेपर आणून मी एकेक बी घासली. मग वाटीत पाण्यात भिजत घातली आणि ओट्यावर ठेवली. सकाळी पप्पा आले, सब्जा समजून वाटी तोंडाला लावली! मी स्वयंपाकघराच्या दारातनं उडी मारली आणि वाटी हिसकावली, कारण ही बी पोटात गेली तर माणसाला दिवसभर परसाकडनं हलता येत नाही. पप्पा म्हणाले, "शाबास, जीव वाचवलास." आज मी शांत डोक्यानं हिशोब करते तेव्हा वाटतं, प्यायला द्यायला पाहिजे होतं. एक दिवस गेला असता, हंगाम वाचला असता.

कारण सगळीच्या सगळी उगवली!

बांधावर आमची मोटरीची खोली आहे. पत्र्याची, रंग उडालेली, रील काढायला एकदम बेकार बॅकग्राऊंड. मी रोपं तिच्या चारी बाजूनं लावली. पप्पांनी विचारलं हे काय. मी मराठी नाव गिळलं आणि इंग्रजी नाव सांगितलं. मॉर्निंग ग्लोरी म्हटल्यावर पप्पांना काहीतरी कॅन्टोन्मेंटच्या बागेतलं वाटलं असणार, त्यांनी मान हलवली. तेवढ्यात बांधावरनं तात्या आले. वाकून एक पान चोळलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं, मग पप्पांच्या उसाकडं बघितलं.

"लय झ्याक हाय की गं," तात्या म्हणाले. "आणि हायत का रोपं? त्या उसाच्या अंगाला पण लाव. खोलीला शोभा यील."

मला वाटलं, अखेर घरात कुणालातरी निसर्गाची आवड आहे. (तात्या तीस वर्षं ऊस करतात. ती वेल त्यांनी जन्मापासनं उपटलेली. पण स्पर्धेत त्यांचं पण नाव होतं ना!)

आता जरा बॉटनी ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. या वेलीला ताणे नसतात, काटे नसतात. तिचं कोवळं टोक हवेत गोल गोल फिरत राहतं, आंधळ्यानं हात फिरवावा तसं, आणि आधार सापडला की त्याला विळखा घालत वर जातं. नेहमी एकाच बाजूनं, वरनं बघितलं तर घड्याळाच्या उलट. आमच्या वेलींनी आधी खोली गिळली. खोली संपल्यावर टोकं हवेत फिरायला लागली, आणि शेजारी त्यांना काय सापडलं? ऊस! उंच, सरळ, ओळीत उभा. वेलीच्या दृष्टीनं कुणीतरी वर्षभर खपून तिच्यासाठी मांडवच घालून ठेवला होता.

पावसाळ्यात मोटर बंद, त्यामुळं पप्पा त्या बाजूला फिरकायचे नाहीत. मी मात्र रोज कॉलेजला जायच्या आधी तिथं रील काढायचे. मला सगळं दिसत होतं. फक्त मला ते सुंदर दिसत होतं, एवढाच घोळ. खाली कमेंट यायच्या, कासला गेलीस का, बुकिंग कसं मिळालं. मी बदाम टाकून गप्प बसायचे.

मग ऑक्टोबरात पाहणीचा दिवस आला. सकाळी पप्पा टाकीचं पाणी बघायला स्लॅबवर चढले, आणि वरनं फौजी आवाजात हाक आली.

"तेजे. वर ये. रिपोर्ट दे, ते निळं काय हाय?"

मी वर गेले. देवाशप्पथ सांगते, तसं दृश्य मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मोटरीच्या खोलीपासनं उसाच्या शेंड्यांवर निळी चादर पसरलेली. मी मोबाईल काढला होता, पप्पांचं तोंड बघून परत खिशात ठेवला.

"मॉर्निंग ग्लोरी," मी म्हटलं.

"ही गारवेल हाय व्हय गं?"

"मराठीत... व्हय."

पप्पा कठड्याला धरून उभे राहिले. आवाज एकदम खाली आला. "साहेब लोकं उंब्रजवरनं निघालीत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत, नुसतं इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढून बटण लावत बसले, आणि ते बटण काही लागेना. ते बघून माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. मी म्हटलं, पप्पा, टेन्शन घेऊ नका, सायन्स आपल्या बाजूनं हाय. हे फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की छत्रीसारखं मिटतं. बारानंतर एक फूल दिसणार नाही. निळं गेलं की उरलं हिरवं, आणि उसात हिरवं असणारच. साहेबांना फक्त बारापर्यंत घरात अडकवा.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"पप्पा, मी बॉटनीची हाय."

(ह्या वाक्यावर आमच्या घरात सध्या बंदी आहे.)

साहेब आले. कारखान्याचे जुने शेती अधिकारी, कपाळावर गॉगल, बोलणं कमी. सोबत एक तरुण मॅडम, ॲग्रीवाल्या, पायात गमबूट, हातात मोजपट्टी. पप्पांनी त्यांना अंगणातनंच आत वळवलं. मम्मीनं पोहे दिले. मग चहा. मग मम्मीला आठवलं की शिरा पण केलाय (केला नव्हता, आत जाऊन करायला लागली). शिऱ्याच्या वेळात पप्पांनी लेहची गोष्ट सांगितली. पप्पांकडं गोष्ट एकच आहे, वादळात तंबू उडाल्याची. ती एरवी पाच मिनिटांत संपते. त्या दिवशी तंबू सव्वा तास उडत होता. मॅडम घड्याळ बघायच्या, साहेब गमतीनं विचारायचे, हवालदार, ऊस हाय न्हवं का रानात? पप्पा हसायचे आणि तंबू आणखी एका डोंगरावरनं पलीकडं न्यायचे. शेवटी मम्मीनं पानंच मांडली.

बाराच्या सुमाराला मी मागच्या दारानं रानात गेले. मिटलेली फुलं बघायला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते.

एक पण मिटलं नव्हतं!

मी वर बघितलं. आभाळ गच्च भरलेलं, वारं गार. आणि मला वर्गातलं एक वाक्य आठवलं, जे सर सांगत असताना मी बाकाखाली रील एडिट करत होते: ढगाळ आणि थंड दिवशी ही फुलं दुपार टळेपर्यंत उघडीच राहतात. ऊन चढलं की मिटतात, हे खरंच आहे. ऊनच चढलं नव्हतं.

पण मी घाबरले नाही. खोलीतनं विळा काढला आणि हाताला लागल्या तेवढ्या वेली बुडातनं कापल्या. चिकट पांढरा चीक आला. वरची फुलं तशीच, एकदम ताजी, माझ्याकडं बघून हसत. मग शेंड्याकडनं विळखे सोडवायला लागले. उलट दिशेनं फिरवत, शास्त्रशुद्ध. एक वेल सुटेपर्यंत माझ्या लक्षात आलं की अशानं सगळ्या सोडवायला मला नोकरीतली रजा लागेल, आणि त्याच्या आधी नोकरी.

बांधाच्या पलीकडं तात्या उभे. त्यांची पाहणी आमच्यानंतर होती, म्हणून तेही इस्त्रीत. चेहऱ्यावर समाधान असं की आत्ताच पुरणपोळी खाल्लीये.

"काय गं बॉटनी, शोभा काढतीस व्हय?"

मी नुसतं त्यांच्या मागं बोट दाखवलं.

तात्या वळले. वेलीला बांध कळत नाही. तिला भावकी पण कळत नाही. पायवाटेच्या वरनं, उसाच्या शेंड्यांवरनं, ती केव्हाच पलीकडं उतरली होती, आणि तात्यांच्या बांधाकडच्या सऱ्या आमच्या इतक्याच निळ्या झाल्या होत्या. त्यांनी पण महिनाभर ही बाजू बघितली नव्हती, कारण आमच्याकडची मजा त्यांना लांबनं दिसत होती.

तात्यांचं समाधान उतरताना मी बघितलं. एवढ्या जवळनं मी फूल मिटताना पण बघितलेलं नाही.

"आयला," तात्या म्हणाले. "थांब, मी येतो. वडून काढू."

मी म्हटलं, तात्या, ओढायचं नसतं, सोडवायचं असतं. तात्या म्हणाले, सोडवत बसायला तुजा बाप काय त्यांना मुक्कामाला ठेवणार हाय का. हे पटलं. आम्ही वेलींचा एक जाड पेंढा करून हाताला गुंडाळला. जरा हिसका दिला, वर सळसळ झाली आणि दोनचार हात वेल सरसर खाली आली! जमतंय की! आणि मी, इथं मी जे केलं ते लक्ष देऊन वाचा, ओढायच्या आधीच पप्पांना व्हॉइस मेसेज टाकला: "पप्पा, निघा तुमी. झाल्यातच जमा हाय."

मग आम्ही ओढलं. जोर लावून, पाय रोवून, रस्सीखेचीत ओढतात तसं.

वेल तुटत नाही. हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं, किंवा वाचलं असेल तर रील एडिट करत वाचलं असेल. आणि एकेका वेलीनं एकेक ऊस नव्हता धरला, तिनं ह्या उसाला धरून त्याला, त्याला धरून पलीकडच्याला, आणि वरनं आमच्या उसाला तात्यांच्या उसाशी, लग्नात गाठ मारतात तसं बांधून ठेवलं होतं. आम्ही ओढल्यावर आधी नुसता करकर आवाज आला. मग आमची पहिली सरी वाकली. तिनं दुसरीला घेतलं. तेवढ्यात समोरनं तात्यांच्या सऱ्या पण वाकून आल्या, आणि दोन्हीकडचा ऊस पायवाटेवर एकमेकांच्या गळ्यात पडला. खाली आम्ही दोघं!

लागलं काही नाही. पाचट मऊ असतं. पण आत अंधार, नाकात धूळ, आणि अंधारातनं तात्यांचा आवाज: "तेजे, हाईस का?"

"हाय तात्या."

"मग सोड की ती वेल आता."

मी अजून ओढतच होते.

आणि बाहेरनं पप्पांचा आवाज आला, छाती काढलेला, एकदम कॉन्फिडंट, माझ्या मेसेजवर विश्वास ठेवून आलेला: "या साहेब, असं या बांधावरनं. तणाची काडी दिसली तर नाव बदलीन."

मग पावलं थांबली.

मी पाला बाजूला करून डोकं बाहेर काढलं. केसात पाचट, गळ्यात वेल, कानाशी एक निळं फूल, पूर्ण उमललेलं. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, तू ती रीलवाली ना? मला वाटायचं तू कासची आहेस!"

साहेबांनी गॉगल डोळ्यावर घेतला, परत कपाळावर नेला. मग शांतपणे विचारलं, "हवालदार, तुमचा बांध कुठं हाय?"

पप्पा सावधानमधे उभे. "सकाळपातूर हितंच होता, साहेब."

तात्यांनी आतनंच ओरडून सांगितलं की आवं साहेब, माझा प्लॉट पलीकडं हाय, त्यो बघून घ्या. मॅडम गमबूट घेऊन पलीकडं गेल्या, एक वेल मोजपट्टीनं उचलली, आणि ती उचलताच तात्यांच्या तीन सऱ्या एकदम मान हलवायला लागल्या. साहेबांनी दोघा भावांना एकमेकांशेजारी उभं केलं आणि सांगितलं की यंदा तुमी दोघं बी स्पर्धेच्या भाईर बसा, ज्या रानाची हद्दच दिसत न्हाई त्येचा नंबर कसा काढायचा.

गाडी गेली. तात्या कपडे झाडत गेले. पप्पा मोटरीच्या खोलीच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायलाच पाहिजे होतं त्यांनी, मी तयारीत होते. पप्पांनी एक फूल तोडलं, उलटं सुलटं करून बघितलं.

"हे उद्या राहतं का?"

"न्हाई पप्पा. एकच दिवस असतं. उद्या दुसरं येतं."

"भरतीच्या पोरात बी एवढी चिकाटी बघितली न्हाई मी," पप्पा म्हणाले, आणि ते फूल शर्टाच्या खिशाला लावून ऊस उभा करायला उठले. मी त्यांच्या मागं मागं. मला रडू येत होतं, आणि त्यांच्या खिशाला ते फूल इतकं भारी दिसत होतं की फोटो पण काढावासा वाटत होता. (काढला नाही. मोठी झालीये मी आता.)

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. पहिल्या नंबरचा नाही हो! त्यांना वेलवर्गीय तणांवर शेतकरी मेळावा घ्यायचा होता आणि म्हणे एवढा चांगला नमुना अख्ख्या कार्यक्षेत्रात नाही. आमच्या बांधावर मांडव पडला. गाव लोटलं. पप्पांना पहिल्या रांगेत बसवून, शाल घालून, आदर्श नमुना प्लॉटचे मालक म्हणून सत्कार केला. पप्पा शाल घेऊन अशा रुबाबात उभे राहिले की डेअरीतल्या त्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. आणि तात्या मॅडमच्या मागं मागं फिरत सांगत होते की मॅडम, माझ्याकडं बी तेवढीच वेल हाय, लिहून घ्या.

मग मॅडमनी चार्ट लावला. हे तण रानात कसं पसरतं: एक, कच्च्या शेणखतातनं. दोन, पाटाच्या पाण्यातनं. तीन, अवजारांना चिकटून. चौथा मुद्दा त्यांनी लिहिला नव्हता. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, माईक पुढं केला आणि म्हणाल्या, "बाळ, उभी राहा. लोकांना दिसू दे."

मी उभी राहिले. कॉन्फिडन्समधे हात पण केला.

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात कुणी असं स्वतः घासून, भिजवून, प्रेमानं संकट पेरलंय का? का तुमच्या घरातला चौथा मुद्दा तुम्हीच आहात? कमेंटमधे या, लाजू नका. मी आधीच उभी आहे.